सात नंबरची अक्का

वणीच्या एस.टी. स्टँडसमोर एक जुनं लॉज होतं. तिथे रोज दुपारी चार वाजता सात नंबरच्या बंद खोलीत एक कप चहा जायचा. कमी साखरेचा. त्या खोलीत माणूस राहत नसे, भूत राहायचं, आणि त्या भुताला गोड सोसत नाही, असं मॅनेजर नाना सांगायचे.

मी तेव्हा द्राक्षांवरच्या डावणी-भुरी रोगांची औषधं विकायचो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. महिन्यातून दोनदा नाशिकहून वणीकडे फेरी व्हायची आणि मुक्काम नानांकडे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. नाही म्हणजे इतका नाही, की कोणी भुताचं नाव काढलं तर मी पानावरून उठून वाद घालतो. माझी बायको म्हणते, यापेक्षा भूत परवडलं.

नाना साठीला टेकलेले, सडाफटिंग, जिन्याखालच्या खोलीत राहणारे. लोक कानावर पेन्सिल ठेवतात, नाना रंगाचा ब्रश ठेवायचे. अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. लॉजची एकही भिंत त्यांनी पाटीवाचून सोडली नव्हती. 'पंख्यास टॉवेल वाळत घालू नये. पंखा वृद्ध आहे.' 'गरम पाणी सकाळी सहा ते सात. आठ वाजता विचारून मॅनेजरचे मन दुखवू नये.' सात नंबरच्या दारावर फक्त एक शब्द होता, 'अक्का'.

"रात्री दिसते का हो तुमची अक्का?" मी पहिल्याच मुक्कामात विचारलं.

"रात्री कशी दिसंल? झोपती ती. दिवसभर कामं असत्यात. बाईमाणूस हाय, समजून घ्यावं."

हे त्यांचं पालुपद. खिडकीशी साडीचा पदर दिसला असं एखादा ट्रकवाला शपथेवर सांगायचा, आतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा. नाना शांतपणे म्हणायचे, "धुणं काढलं आसंल. बाईमाणूस हाय."

एकदा एक बियाणेवाला इरेला पेटला. म्हणाला, सात नंबरच द्या, बघतोच. नानांनी मुकाट्यानं किल्ली पुढे केली. "ऱ्हावा की. फक्त चपला बाहेर काढायच्या. उघड्या अंगानं बसायचं नाय. पहाटं ती येणी घालती, तेव्हा आरशापुढून बाजूला व्हायचं. आन् घोरता का तुम्ही? मागच्याला तिनं नाक धरून उठवलं व्हतं." बियाणेवाला जिना अर्धा चढला, थांबला, आणि खाली येऊन म्हणाला, तीन नंबरला हवा बरी येते.

मला या माणसाचा राग यायचा आणि करमायचंही नाही त्याच्याशिवाय. एवढा सुंदर हाताचा, गोड बोलणारा माणूस, आणि लोकांच्या डोक्यात हे खूळ भरवतो. एक दिवस याचं भूत उघडं पाडायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

तो दिवस चैत्रात आला. देवीच्या गडावरची यात्रा, लॉज तुडुंब. मी म्हणालो, सात नंबर द्या.

"आज नाय जमणार साहेब. अक्काकडं पाव्हणे आल्यात."

आता मात्र हद्द झाली. नाना चहा टाकायला वळले तसा मी थेट वर गेलो आणि सात नंबरचं दार ढकललं. आतून कडी होती. दार वरही अडलं आणि खालीही, म्हणजे एक नाही, दोन. आणि आत एक तान्हं मूल रडत होतं.

"नाना, तुम्ही हाय का?" आतून घाबरा आवाज आला. जिवंत बाईचा आवाज होता तो. मी खाली आलो. उभ्या आयुष्यात वादात एवढा गप्प मी कधी झालो नव्हतो.

नानांनी माझं तोंड पाहिलं आणि गल्ल्यामागचं कॅलेंडर बाजूला केलं. मागे एक जुनी पाटी होती, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरातली. 'एकट्या बाईस खोली मिळणार नाही.'

"मालकाचा नियम," ते म्हणाले. "सगळ्याच लॉजांचा हाय. पन रंगवली मी. लय मन लावून रंगवली, साहेब."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण सुमन येवल्याकडे दिलेली. एकदा घरात भांडण झालं आणि ती भावाकडे यायला निघाली, एकटीच. पोचली तेव्हा नाना मालकाच्या कामाला नाशिकला गेलेले. बदलीवरच्या माणसानं तिला ओळखलं नाही, त्यानं नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. तिनं पाटी वाचली. अक्षर तिच्या ओळखीचं होतं, लहानपणी तिला पाटीवर गिरवायला अक्षरं नानाच तर काढून द्यायचे. ती रात्रभर स्टँडवर बसली आणि पहाटेच्या गाडीनं परत सासरी गेली.

"मी दोनदा येवल्याला जाऊन आलो. आतून निरोप आला, डोकं दुखतंय. तिला वाटलं, भावानंच लिवलंय. लिवलं व्हतंच की."

त्यानंतर सात नंबरमध्ये भूत राहायला आलं. भुताची खोली पुरुष मागत नाहीत आणि मालक विचारत नाही. गाडी चुकलेली, घरातून निघालेली, यात्रेत हरवलेली, अशी एखादी स्टँडवर एकटी दिसली की नाना तिला वर नेऊन सोडायचे आणि दोन्ही कड्या दाखवायचे. चहा रोजच जायचा, म्हणून ज्या दिवशी तो पिणारी कोणी असे, त्या दिवशी कोणाला संशय यायचा नाही.

पुढच्या वर्षी मालक वारले आणि त्यांचा मुलगा नाशिकहून मारुती घेऊन आला. हातात मोजायची टेप. सात नंबरची शांती करायची, कूलर-टीव्ही बसवायचा आणि खोली भाड्यानं द्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. नाना कानावरचा ब्रश काढून नुसता हातात फिरवत राहिले. ती खोली गेली तर स्टँडवरच्या बाईनं कुठे जायचं, हे ते कोणाला सांगणार होते?

मुलगा माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्हीच सांगा, भूतबित असतं का काही?"

या प्रश्नाची मी जन्मभर वाट पाहिली होती. उत्तर तोंडपाठ होतं, मुद्द्यांसकट.

"मी पाहिलंय," मी म्हणालो. "सात नंबरमध्ये. भर दुपारी. कडेवर मूल होतं."

त्यानं टेप गुंडाळली. त्या खोलीचं नंतर बघू, म्हणाला आणि चहा न घेता गेला. नाना माझ्याकडे वळले.

"साहेब, मूल कशाला वाढवलंत? आता दूधबी पाठवाया लागंल."

आम्ही दोघंही हसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

एक खोटं पचलं की माणसाला धीर येतो. कांद्याच्या औषधांसाठी माझं येवल्याला जाणं व्हायचंच. नानांना न सांगता मी सुमनताईंचं घर गाठलं आणि ओट्यावर बसून सगळं सांगितलं: पाटी, कॅलेंडर, दोन कड्या, चार वाजताचा चहा. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "चहात साखर कमीच टाकतो का अजून? मला गोड आवडत नाय."

त्या दिवाळीत भाऊबीज झाली आणि तीन दिवसांनी मी वणीला होतो. दुपारची वेळ. येवल्याकडून एक बाई आली, हातात पिशवी, केस पिकलेले. गल्ल्यासमोर उभी राहिली. गल्ल्यामागे नाना.

"दादा, एकटीच आलेय," ती म्हणाली. "खोली मिळंल का?"

 नानांनी रजिस्टर ओढलं, पेन उघडलं. सात नंबरच्या नावावर कित्येक वर्षांत पहिल्यांदाच नोंद होत होती. नाव: सुमन. गाव: येवला. पुढच्या रकान्यात छापलेलं होतं, 'सोबत कोण?'

तिथे त्यांचा हात जरा थांबला. मग आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं, 'भाऊ'.