काकूंच्या खोलीतली हवा

"पहिले दार लाव, मंग रड."

दरेकशाहून आलेली पटले काकांची बहीण काकूंच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून म्हैस मेल्याचं सांगत होती आणि काका तिला हे सांगत होते. मी कोपऱ्यात अभ्यास करत होते. बहिणीनं दार लावलं, डोळ्यांना पदर लावला आणि उरलेलं रडणं आत बसून पूर्ण केलं.

काकांचं घर कुडव्यात, आमच्या शेजारी. मागे राइस मिल. धान भरडायला लागले की कोंडा उडून दोरीवरचे कपडेही पिवळे व्हायचे. काकूंना दमा. म्हणून काकांनी त्यांच्या खोलीच्या खिडकीत जुन्या कूलरचा पंखा बसवला आणि बाहेरून काकूंचंच एक विरलेलं सुती लुगडं ताणून बांधलं. लुगड्यातून गाळलेली हवा आत यायची आणि दाराच्या फटीतून बाहेर पडायची. आतल्या हवेचा जोर असला की धूळ शिरत नाही, हा काकांचा सिद्धांत.

"फुगलेल्या फुग्यात धूळ जाते का? काऊन नाही जात?" मी इंग्रजी शाळेतली, म्हणून प्रश्न मला. मी पुस्तकात बघायची.

रोज सकाळी ते दाराच्या फटीशी उदबत्ती धरत. धूर बाहेर वळला की दिवस चांगला. एकदा सिलिंडरवाला चपला काढून, हात जोडून उभा राहिला.

"पूजा नाही बावा, प्रेशर पाहून राहिलो," काका म्हणाले.

"मले फुग्यात भरून ठेवलं यायनं," काकू हसायच्या. खोकायच्या नाहीत, हे काका कान देऊन ऐकायचे.

मागच्या पावसाळ्यात काकू गेल्या. हंगाम आला, मिल सुरू झाली. पंखा मात्र बंदच.

आई डबा घेऊन गेली, सोबत मी. टेबलावर, खाटेवर कोंड्याचा थर. काका काकूंची उशी मांडीवर घेऊन बसले होते. खोलीत अजून काकूंच्या बामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता.

"भाऊजी, पंखा काऊन बंद? धूळ पाहा किती." आईनं बटणाकडे हात नेला.

"तो सारंच बाहेर लोटते," काका हळूच म्हणाले.

आईला कळलं नाही. तिचं बोट बटणावर होतं. काका तिला अडवणार नव्हते. ते नुसते उशी घट्ट धरून बसले.

"आई, पंखा नको," मी म्हणाले. "धूळ मी फडक्यानं पुसते."