नाना तोरसकरांची ग्रीक पद्धत

चीन आणि ग्रीस या दोन देशांच्या पुराणांतला श्रेष्ठ वीर कोणता, हा प्रश्न भोईवाड्यातल्या गोमतीबाई चाळीला त्या शनिवारपर्यंत कधी पडला नव्हता. तो पाडला मालकाने. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी सारं परळ दणाणत होतं आणि चाळीच्या चौकात कुणी भाषणाला उभं राहिलं की मालकाला पोलीस दिसू लागत. "व्याख्यान ठेवा, पण मुंबईचं नाव निघता कामा नये," अशी त्याने अट घातली. चाळीच्या मंडळाचे चिटणीस नाना तोरसकर अटींना घाबरणारे नव्हते. त्यांनी मुंबईपासून जास्तीत जास्त लांबचा विषय शोधला, एक प्राध्यापक ठरवले आणि फाटकावरच्या फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'प्राचीन चिनी व ग्रीक पुराणांतील वीर – एक तुलना'.

नानांच्या पत्नीला, कमळाबाईंना, फळ्यापेक्षा गटाराची काळजी होती. चाळीचं उघडं गटार तळमजल्याच्या खोल्यांपुढून फाटकाकडे जात असे. ते फाटकाशी तुंबलं होतं आणि नानांच्या उंबऱ्याला लागून काळं पाणी उभं होतं. रविवारी सकाळी फणसवाडीहून अप्पा परुळेकर मुलाला घेऊन कांताला बघायला येणार होते. कांता नानांची एकुलती मुलगी. याआधी आलेली दोन स्थळं नाकाला रुमाल लावून गेली होती ती परत फिरकली नव्हती.

"उद्या ती माणसां येतली," कमळाबाई म्हणाल्या. "आधी गटाराचा काय ता बघा. चीन खंय पळान जाणा नाय."

"व्याख्यान उरकलं की गटारच," नाना म्हणाले आणि सतरंज्या मोजायला गेले.

संध्याकाळी चौक भरला. पुरुष सतरंज्यांवर, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा भिवा धावत आला. भिवा गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवायचा आणि सकाळी जोर मारायचा, त्यामुळे तो धावला की फरशी कळवायची.

"नाना, घोटाळा झाला! नाक्यावर मोर्चा. ट्रामा बंद. प्रोफेसर दादरवरूनच उलटे फिरले म्हणे."

"फिरू देत."

"मग सभा रद्द करू?"

"रद्द कशाला? मी आहे ना."

नाना खरोखरच होते. वक्त्यांचा परिचय करून देता यावा म्हणून त्यांनी आठवड्यापूर्वी प्राध्यापकांना घरी चहाला बोलावून विषयाचा गाभा ऐकून घेतला होता. अर्ध्या कपात जेवढा ग्रीस आणि उरलेल्या अर्ध्यात जेवढा चीन मावतो, तेवढा नानांकडे होता. त्यांनी टेबलावर हात टेकले.

"बंधुभगिनींनो, ग्रीकांचा महावीर हर्क्युलिस..."

"सायकलवाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"सायकल नंतरची. हा मूळ गडी. एका राजाच्या गोठ्यात तीस वर्षांचं शेण साचलं होतं. राजा म्हणाला, एका दिवसात साफ कर. याने काय केलं? झाडू घेतला? छे! भिंत फोडली, दोन नद्या वळवल्या आणि गोठ्यातून सोडून दिल्या. दिवस मावळायच्या आत गोठा लख्ख!"

टाळ्या पडल्या. भिवाने शिट्टी घातली. "हा आपला माणूस!"

"आता चीन. तिथे महापूर आला. यू नावाच्या वीराच्या बापाने बांध घालून पाणी अडवून बघितलं, जमलं नाही. यूने पाणी अडवलं नाही, त्याला वाट दिली. लोकांना बरोबर घेऊन चर खणले, पाणी समुद्राला नेऊन सोडलं. तेरा वर्षं लागली. या तेरा वर्षांत तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, आतून पोराचं रडणं ऐकू आलं, पण पाऊल आत टाकलं नाही! केवढा हा त्याग!"

पुरुषांनी माना डोलावल्या. मग पायऱ्यांवरून कमळाबाईंचा आवाज आला.

"त्या तेरा वर्सांत बायलेन काय केल्यान?"

नाना ठामपणे म्हणाले, "ते पुराणात दिलेलं नाही."

"दितले कशे? लिवणारे पण घराबाहेरच असतले."

बायका हसल्या, मग पुरुषही हसले. एक म्हातारा गिरणी कामगार उठून म्हणाला, "नाना, दिल्लीशी गाठ आहे. आपल्याला यातला कुठला हवा? एका दिवसाचा की तेरा वर्षांचा?"

"विषय चीनचा आहे," नानांनी मालकाने कान द्यायला पाठवलेल्या माणसाकडे बघत घाईने सांगितलं.

"मग चीनचां ऱ्हवांदे," कमळाबाई म्हणाल्या. "दारातल्या गटाराक यातलो कोण उपयोगी, तां सांगा."

आता सगळी चाळ नानांकडे बघू लागली. व्यासपीठावर उभ्या माणसाला माघार घेता येत नाही आणि नानांना ती घ्यायचीही नव्हती. "ग्रीक!" ते गरजले. "उद्या पाहुणे यायच्या आत गटार साफ झालेलं दिसेल. हा चिटणिसाचा शब्द!" टाळ्या हर्क्युलिसपेक्षा जास्त पडल्या.

नानांची योजना सरळ होती. चौकाच्या मागच्या अंगाला, ओट्यावर, संडासासाठी पाण्याची मोठी टाकी होती. तिच्या तळाचं लाकडी बूच काढायचं, सगळं पाणी एकदम गटारात सोडायचं, की त्या लोंढ्याने फाटकाशी अडकलेलं जे काय असेल ते थेट रस्त्यावर.

"बाबा," रविवारी सकाळी कांता म्हणाली. ती ठेवणीतलं पातळ नेसून तयार होती. "तोंड बंद असताना पाणी सोडलं तर ते जाईल कुठे? आधी फाटकाच्या बाजूने चर खणू या ना."

"चर खणणं ही चिनी पद्धत झाली. तिला तेरा वर्षं लागतात. परुळेकर दहाला येतायत."

भिवाने मुसळाचे दोन ठोके घातले. बूच सुटलं. टाकीतून पाण्याचा असा लोट निघाला, की गॅलऱ्यांतून लोकांनी "वा!" म्हटलं. लोट फाटकापर्यंत गेला. तिथे जे काय अडकलं होतं ते जागचं हललं नाही. पाणी फुगलं, मागे वळलं आणि चाळीतला सर्वांत खालचा उंबरा शोधून त्यात शिरलं. तो उंबरा तोरसकरांचा होता.

"बूच लाव, बूच!" नाना ओरडले.

"कुठाय बूच?"

"तुझ्या हातात होतं ना?"

"सुटलं. ते... नाना, ते तुमच्याच घरात गेलं."

नाना दाराशी धावले. कमळाबाई चुलीच्या ओट्यावर पोह्यांचं पातेलं छातीशी धरून उभ्या होत्या. खाली पाहुण्यांसाठी घातलेली गादी हळूहळू सरकत होती.

"पाय घालू नकात आत! आसलेल्या घाणीत आणखी घाण नको." बूच दारातून उडत आलं.

बूच लावून नाना बादली घ्यायला परतले, तर बादली दारातून बाहेर आली आणि दार पुन्हा लागलं. इतक्यात फाटकावरून ओरडा झाला, "पाहुणे आले!" नाना तिसऱ्यांदा दाराशी धावले. निदान कोट तरी हवा होता.

"कोट ओलो आसा," आतून उत्तर आलं.

फाटकाशी कांताने पदर खोचला होता आणि मांडवाचे खांब रोवायची पहार हातात घेतली होती. बायका घमेली पुढे करत होत्या. टोपी-कोटातले अप्पा परुळेकर, त्यांच्या पत्नी सुंदराबाई आणि मुलगा रघुनाथ फाटकात उभे राहिले.

"तोरसकरांचं घर कुठं?" अप्पांनी विचारलं.

"पाण्याच्या उलट दिशेनं जा," कांता मान वर न करता म्हणाली. "पण आत्ता नको. बाजूला व्हा, चपला भिजतील."

रघुनाथने चपला काढल्या, पँट दुमडली आणि एका बाईच्या हातातलं घमेलं घेतलं. "इथून तिरका चर काढला तर?"

"तिरका नको, खाली दगड आहे. इकडून."

चर रस्त्याला भिडला. पाणी आधी बोटभर, मग हातभर रुंद धावू लागलं. पाणी उतरलं तसा गटाराच्या तोंडातला बोळा दिसला. दोघांनी मिळून तो ओढला. मंडळाच्या गेल्या सत्यनारायणाचा कापडी फलक होता तो. रंग गेला होता, पण शेवटची ओळ शाबूत होती : 'आपला नम्र, चिटणीस नाना तोरसकर'. कांताने तो घाईघाईने गुंडाळून घमेल्याखाली सारला. पण तेवढ्यात सुंदराबाईंनी तो वाचला होता.

पाहुण्यांना वरच्या मजल्यावर भिवाच्या खोलीत बसवलं. ओल्या धोतरातले नाना दाराशी उभे राहिले, कारण बसले असते तर भिवाची चटई भिजली असती. पोहे आले, चहा आला. नानांनी घसा साफ केला. "मुलीला बोलावू ना? बघून घ्या."

"बघितली की," सुंदराबाई म्हणाल्या. "अजून काय बघायचं? आमच्या वाडीचं गटारही दर पावसाळ्यात तुंबतं."

रघुनाथ चहाच्या बशीत बघून हसला. अप्पांनी सुपारी कातरायला घेतली, म्हणजे ठरलं.

नाना जिना उतरले ते जवळजवळ उडतच. दार बंदच होतं.

"अगो, जमलं!"

"कळला माका. सुंदराबाईंचो आवाज मोठो आसा."

"मग आत येऊ?"

दार हातभर उघडलं. कमळाबाई आनंदात होत्या, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. पण त्यांच्या हातात खराटा होता.

"तो चिनी तीनदा दारावरसून गेलो, येक शब्द बोलूक नाय. तुमी तर ग्रीक. दिवस मावळायच्या आत चौक लख्ख करतल्यात. मगे आत येवा."

खराटा हातात आला आणि दार लागलं. भिवा मागे उभा होताच.

"नाना, मग यात श्रेष्ठ कोण ठरला?"

नानांनी बंद दाराकडे पाहिलं, खराट्याकडे पाहिलं आणि कालच्याच ठाम आवाजात उत्तर दिलं.

"ते पुराणात दिलेलं नाही."