आईसाठी दोन बोटं खाली

मानवजातीची प्रगती म्हणजे उंची वाढवत जाणं, असं शाळेत शिकवतात. ते अर्धवट आहे. इमारती उंच झाल्या, टाचा उंच झाल्या, बोलणं तर फारच उंच झालं, की माणसाच्या लक्षात येतं, आता खाली आणण्याजोगी एकच वस्तू उरली आणि ती म्हणजे गाडी. आमच्या नात्यागोत्यात गाडी खाली आणण्याचा पहिला मान माझ्या मेहुण्याने मिळवला, आणि तोही स्वतःच्या हौसेसाठी नव्हे, आईसाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

त्याचं असं झालं. माझ्या सासूबाईंचे गुडघे सपाट रस्त्यावर इमानाने चालतात, पण पाऊल वर उचलायचं म्हटलं की संप पुकारतात. मेहुण्याची गाडी पडली उंच. सासूबाईंची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि आजारपणात तिचा उजवा हात कायमचा लुळा पडलेला. या दोघी लहानपणी रोज एकमेकींची वेणी घालून देत. आता थोरलीची वेणी तिची सून घालते, म्हणजे कामावर जाता जाता केस ओढून गाठ मारते. सासूबाईंचं मागणं एवढंच होतं की रविवारी मला ताईकडे सोड, मी तिची नीट वेणी घालून देते.

"आमच्या स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल गाडीच्या दारापाशी ठेवू," माझी बायको भावाला म्हणाली. "त्यावर पाय देऊन आई आत बसेल."

मेहुण्याने या सूचनेचा सहानुभूतीपूर्वक विचार करून ती फेटाळली. एक तर स्टूल ही तात्पुरती उपाययोजना होती. दुसरं, स्टुलाचा पाय दाराखालच्या पट्टीला घासण्याची दाट शक्यता होती. (पट्टी नवीन होती. गुडघे जुने होते.) टॅक्सीचा विषय तर त्याने उभाच राहू दिला नाही. "घरची गाडी दारात असताना आई टॅक्सीने जाणार? मी काय मेलोय?" असं कोणी विचारलं की "नाही" याखेरीज काय उत्तर देणार? माझ्याकडेही गाडी आहे, पण मुलगा समर्थ असताना जावयाने पुढे पुढे करणं बरं दिसत नाही. म्हणून मी मागे राहिलो, आणि या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

"आईला गाडीपर्यंत वर चढता येत नाही ना, भावजी?" मेहुणा म्हणाला. "मग गाडीने आईपर्यंत खाली यायला हवं."

हे ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी निघायचंच असं समजून त्यांनी फणी आणि रिबीन पर्समध्ये टाकली.

गाडी खाली आणणं म्हणजे चार स्प्रिंगा बदलणं, असं माझ्यासारख्या अडाणी माणसाला वाटलं होतं. तसं नाही. स्प्रिंग हा गाडीतला उसळणारा इसम आणि शॉक म्हणजे त्याला "बस खाली" म्हणून दटावणारा. आखूड स्प्रिंग घातली तर जुना शॉक तिला आवरू शकत नाही. नवा शॉक घ्यावा, तर तो कडक घ्यायचा की मऊ, यावर दुमत. या दुमतावर एकमत करण्यासाठी आमच्या शहरात गाडी खाली आणलेल्यांचं एक मंडळ आहे. मेहुणा त्याचा रीतसर सदस्य झाला. मंडळाच्या पाहणीनुसार शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव सदस्यांनी गाडी घरच्यांच्या सोयीसाठी खाली घेतली. (उरलेल्या दोघांना घरचे सोडून गेले होते.)

मंडळाची बैठक गॅरेजपुढच्या मोकळ्या जागेत भरे. सगळे उकिडवे बसून एकेका चाकाकडे आदराने बघत. चाक आणि त्यावरचा पत्रा यांत किती फट उरली, यावर सदस्याची योग्यता ठरे, आणि ही फट बोटांनी मोजायची प्रथा होती. चार बोटं म्हणजे नवशिका. तीन म्हणजे होतकरू. दोन बोटं म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे कॉइलकाका म्हणत, त्यांनी मेहुण्याला सांगितलं, "आईसाठी करतोयस ना? मग दोनच बोटं ठेव." निवड इथून सुरू झाली. कोणत्या स्प्रिंगा, कोणते शॉक, आणि या स्प्रिंगांना ते शॉक मानवतील का, यावर एवढा खल झाला की तेवढ्यात मेहुण्याचं लग्न जमवता आलं असतं.

दर शनिवारी थोरल्या बहिणीचा फोन येई. "उद्या येतेस का गं?"

"अगं, स्प्रिंगा यायच्यात अजून."

"कसल्या?"

"सोफ्यात असतात ना, तसल्या."

"मग सोफ्यावर बसूनच ये की बाई!" आणि दोघी हसत. पुढे पुढे फोन तेवढाच होई, हसणं मात्र कमी होत गेलं.

स्प्रिंगा आल्या, शॉक आले, बसवले गेले. या शॉकवर कडकपणा कमीजास्त करायची एक कळ असते. मेहुण्याने सासूबाईंना उभ्या गाडीत बसवलं, खाली वाकून कळ फिरवली आणि विचारलं, "आई, आता कसं वाटतंय?"

"चांगलं वाटतंय."

"आणि आता?"

"तसंच वाटतंय. निघायचं का?"

प्रतिसाद समाधानकारक असल्याचं मंडळाला कळवण्यात आलं.

एक बारीकशी गोष्ट मात्र राहून गेली होती. कॉइलकाकांनी सांगितलेली दोन बोटं ही कॉइलकाकांची बोटं होती, आणि कॉइलकाकांचं एकेक बोट केळ्याएवढं. मेहुण्याने मोजली स्वतःची बोटं, जी शिसपेन्सिलीसारखी आहेत. परिणामी गाडी शहरातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा खाली आली. अशा प्रकाराला इतर क्षेत्रांत चूक म्हणतात. मंडळाने टाळ्या वाजवल्या.

शेवटी तो रविवार उजाडला. सासूबाईंना आता गाडीत चढावं लागलं नाही, हे शंभर टक्के खरं आहे. त्या विहिरीत उतरावं तशा गाडीत उतरल्या. गाडी फाटकाबाहेर पडली आणि पहिल्याच गतिरोधकावर पोट टेकून बसली. मेहुण्याने तपासणी करून निष्कर्ष काढला की दोष गाडीचा नाही, भाराचा आहे. भार म्हणजे आम्ही. तेव्हा गतिरोधक आला की प्रवाशांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं आणि पुन्हा बसायचं, असं ठरलं. बसताना प्रश्न नव्हता. उतरताना सासूबाईंचा एक हात मी आणि एक हात बायको धरून ओढत होतो. शाळेपुढे एक, दवाखान्यापुढे एक, अशी प्रत्येक संस्थेने आपापली सोय करून ठेवलेली.

तिसऱ्या गतिरोधकाला सासूबाई उतरल्या आणि पदपथावरच उभ्या राहिल्या. गुडघा चोळत म्हणाल्या, "तू हो पुढे. ताईला सांग, मी निघाले होते म्हणून."

मेहुणा एकटाच पुढे गेला. गाडी गतिरोधकावरून अशी अलगद पार झाली की कुठे जरासा आवाज नाही. त्याने काच खाली करून मान बाहेर काढली आणि आनंदाने ओरडला, "बघितलंत का, भावजी? कुठ्ठे लागली नाही!" अशा रीतीने आईच्या सोयीसाठी केलेली गाडी आई नसताना अत्यंत उत्तम चालते, हे सिद्ध झालं. आम्ही तिघं चालत घरी परतलो. मला वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. पण सपाट रस्ता होता, त्यामुळे फार त्रास झाला नाही.

तेव्हापासून मेहुणा दर रविवारी न चुकता मावशीकडे जातो. (असा भाचा मिळायला भाग्य लागतं.) तिथून तो सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावतो आणि बहिणीबहिणींची भेट घडवतो. परवाच्या रविवारी पडद्यावर मावशी दिसल्या तर त्यांचे केस मानेपर्यंत कापलेले. सुनेनेच कापले, रोजची कटकट नको म्हणून.

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ आणला. मग म्हणाल्या, "छान दिसतंय गं, ताई. मान मोकळी झाली." आणि मेहुण्याला म्हणाल्या, "जरा मागून दाखव रे." त्याने मागून दाखवलं, आणि तसाच फोन खिडकीबाहेर फिरवून खाली उभी असलेली गाडीही दाखवली. फोन संपल्यावर सासूबाईंनी पर्समधली फणी काढून फणेरपेटीत ठेवली.

ते स्टूल अजून आमच्या स्वयंपाकघरातच आहे. ते मुळीच जड नाही. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेल्या आठवड्यात मीच उचललं होतं. हे वाचताना आपण माझ्या मेहुण्याला दोन शिव्या हासडल्या असतील, मलाही एखादी दिली असेल, आणि ते रास्तच आहे. मेहुण्याने मात्र मंडळाच्या वतीने एक चौकशी करायला सांगितली आहे. तुमच्या आईने कुठेतरी सोडायला सांगितलं होतं, त्याला बरेच दिवस झाले. तिच्यासाठी तुमची निवड कुठवर आली?