शकुबाईंच्या वावरातली ओहोटी

समुद्र ही शासनाची मालमत्ता असून तो कुठे आहे हे ठरवण्याचा अधिकार समुद्रास नाही. या तत्त्वानुसार मुकुटबनच्या शकुबाईंचे कपाशीचे वावर सन १९५७ मध्ये समुद्रात गेले. शेवट आधीच सांगून टाकला, म्हणजे वाचकांची धाकधूक वाचेल. यापुढे मात्र असे काही घडलेच नाही असे धरून चालावे. शकुबाई अजून त्याच वावरात कापूस वेचतात आणि वेचताना कुणी बुडाल्याची नोंद नाही.

शकुबाईंना आयुष्यात एकच काम उरले होते. नवरा गेलेला, मुलगा नाही, मुलगी विमल एकटी. आता मुलीलाही वारस धरतात असे त्यांनी वणीच्या बाजारात ऐकले आणि वावर विमलच्या नावावर करावे म्हणून पटवारी डोंगरसिंग यांच्याकडे अर्ज दिला. "माह्या डोळ्यादेखत होऊ दे रे बाप्पा," एवढीच त्यांची अट होती. अर्जाची बातमी फुटताच दिराची मुले रोज त्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फिरायला येऊ लागली (प्रकृतीसाठी).

त्याआधी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. जाण्यासाठी कुणाला घराबाहेर पडावे लागले नाही, हे शासनाचे कौशल्य. मध्य प्रदेशाला समुद्र नव्हता, मुंबई राज्याला होता. म्हणजे झोपेतून उठलो तो आम्ही किनारपट्टीवाले झालो होतो. पोळ्यानंतर शाळेत परिपत्रक आले. प्रत्येक शाळेने ओहोटीच्या वेळी, सूर्योदयापूर्वी, समुद्र पाहिलेल्या मार्गदर्शकासह किनाऱ्यावर फेरी काढून सागरी जीवांचे निरीक्षण करावे. जीवांना हात लावू नये. उचललेला दगड होता तसा ठेवावा. भरती येताच निमूटपणे परतावे. फेरी न काढल्यास विज्ञानशिक्षकाने खुलासा द्यावा. ओहोटीच्या वेळा जवळच्या बंदर अधिकाऱ्याकडून घ्याव्यात.

जवळचे बंदर म्हणून विज्ञानशिक्षक घनश्याम मास्तरांनी वणीचे रेल्वे स्टेशन धरले. स्टेशनमास्तर म्हणाले, "ओहोटी नावाची गाडी आपल्याकडे नाही. पण तसं पाहिलं तर वेळेवर कोणतीच येत नाही."

खुलासा देणे हे समुद्र शोधण्यापेक्षा अवघड असल्याने मास्तरांनी समुद्र शोधला. शकुबाईंच्या वावराच्या कडेला नाल्यात चुनखडीचे सपाट दगड आहेत आणि त्यांवर कापलेल्या कांद्यासारख्या गोल रेघा आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांचे थर साचून या रेघा झाल्या, असे मास्तरांना एका जाड पुस्तकात सापडले. समुद्र होता आणि आता दिसत नाही, याचा सरळ अर्थ एकच होतो. ओहोटी चालू आहे.

मार्गदर्शक म्हणून रहमतबींची नेमणूक झाली. त्या सायकलवाल्या इकबालच्या आई. हजला जहाजाने गेलेल्या, त्यामुळे पंचक्रोशीत समुद्र पाहिलेल्या त्या एकट्याच.

"मास्तर, मी समुद्र कुठी पाह्यला?" रहमतबी म्हणाल्या. "जाता-येता माही मुंडी बालटीत होती. बालटीबद्दल पूस, सारं सांगतो."

"खाला, बालटीत होतं ते समुद्रामुळंच ना?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. फेरी निघाली. अंधारात पोरे दगडांवर घसरली, कंदील विझला, आणि पुढीलप्रमाणे सागरी जीवन आढळले: खेकडा, एक (नाल्याचा, परंतु त्याने हरकत घेतली नाही). बेडूक, पुष्कळ. दगडातील प्राचीन जीव, असंख्य. स्वभावाने शांत, माणसांना अजिबात बुजत नाहीत. किनाऱ्यावरील सस्तन प्राणी, एक. शेपूट आखूड, मालक शकुबाई, परिपत्रक खाण्याचा प्रयत्न केला. तारामासा आढळला नाही, बहुधा रजेवर असावा. उजाडेपर्यंत भरती न आल्याने फेरी शिस्तीत परतली.

अहवाल वर गेला आणि वाखाणला गेला. इतकी दीर्घ ओहोटी राज्यातील अन्य कोणत्याही किनाऱ्यास साधलेली नाही, असा शेरा आला. आनंदाच्या भरात अहवालाची प्रत महसूल खात्याकडेही गेली. भरती आणि ओहोटी यांच्या मधली जमीन सरकारची असते, हे महसूल खात्याला समुद्र न पाहताही ठाऊक असते.

डोंगरसिंग पटवारी शकुबाईंच्या अंगणात आले. माणूस भला, पण नियम त्याहून भले.

"मावशी, नाव चढत नाही. तुमचं वावर ओहोटीत निंघालं."

"कायच्यात?"

"ओहोटीत. पाणी गेलं की मांगं उरते ते."

"पाणीच नाही तं समुद्र कायचा रे?"

"पाणी नसनं म्हंजेच ओहोटी, मावशी."

शकुबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. "अन् तुयं घर? तेही याच नाल्याच्या दगडावर हाये ना?"

"हाये. पन माया घरातून शाळेची फेरी गेली नाही."

घनश्याम मास्तरांना वाईट वाटले. ते कचेरीत जाऊन म्हणाले, समुद्र नाही, मी लिहिले ते मागे घेतो. त्यांना समजावून सांगण्यात आले की मंजूर झालेला समुद्र असा तोंडी रद्द होत नाही. त्यासाठी भरतीच्या वेळी दुसरी फेरी काढून, भरती आली नाही हे प्रत्यक्ष पाहावे लागेल. भरतीची वेळ बंदर अधिकाऱ्याकडून घ्यावी.

अखेर दसऱ्याच्या सुमारास महसूल खात्याचे साहेब जागेवर चौकशीला आले. तज्ज्ञ म्हणून रहमतबींना पुढे केले. शकुबाई त्यांच्या कानाशी लागल्या, "खाला, माह्या इमलचं वावर तुह्या तोंडात हाये. नीट बोल वं."

रहमतबी नीटच बोलल्या. "साहेब, मले जास्त समजत नाही. पन समुद्र खारा असते, हे मी तोंडानं चाखलं हाये. या वावरातलं वाळूक खाऊन पाहा. गोड लागलं तं वावर शकूचं, खारं लागलं तं सरकारचं."

इतका निर्मळ न्याय या जिल्ह्यात पूर्वी झाला नव्हता. साहेबांनी मान डोलावली. विमलने वेलावरचे सर्वांत कोवळे वाळूक तोडले, धुतले, चार फाका केल्या. मग पाहुण्याला वाळूक द्यायचे तसे दिले, म्हणजे वर मीठ-तिखट भुरभुरवून. तिच्या हाताला दुसरे वळणच नव्हते. साहेबांनी चारही फाका मनापासून खाल्ल्या, बोटे चाटली आणि कारकुनाकडे पाहिले. कारकुनाने लिहिले: "चव, खारट."

"अवं इमल, मीठ काहून टाकलं वं!" शकुबाई ओरडल्या.

"मा, साहेबाले कोरडं कसं देऊ?" विमल म्हणाली.

ही हरकत नोंदवता आली नाही, कारण ती वाळूक संपल्यावर घेतली गेली. दुसरे वाळूक चाखावे अशी विनंती साहेबांनी स्वीकारली व तेही खाल्ले. परंतु तो शासकीय नमुना नव्हे, असा खुलासा केला.

निकाल सहृदय आहे. भरती येईपर्यंत शकुबाईंनी समुद्राच्या तळाशी कापूस पिकवण्यास मनाई नाही. मात्र विमलचे नाव चढणार नाही; हद्द मोजल्याशिवाय वारस लागत नाही आणि भरती आल्याशिवाय हद्द मोजता येत नाही. धुऱ्यावरच्या दिराच्या मुलांची प्रकृती आता पुष्कळच सुधारली आहे.

शकुबाई खोकतात आणि रोज विचारतात, "आली का रे भरती?" म्हणून त्यांच्या वतीने हा अर्ज आम्ही लिहून दिला आहे:

"मेहेरबान समुद्र यांस. अर्जदार बाई वृद्ध असल्याने आपण कापूसवेचणी आटोपताच, बाई हयात असेतो, एकदा मुकुटबनपर्यंत यावे, पटवाऱ्यास आपली हद्द दाखवावी व पिकास धक्का न लावता परत जावे. मोजणीस दोन पंच लागतात. गावातील प्रत्येकाचे घर त्याच दगडावर असल्याने पंच बाहेरचे हवेत. करिता, हा मजकूर वाचून ज्यांना हसू आले आणि ज्यांची स्वतःची जमीन कधीही समुद्राखाली नव्हती, अशा दोन वाचकांनी तसा सरकारी दाखला घेऊन सहीसाठी हजर राहावे, ही विनंती."