बटाट्यांची ट्रायल

नेरूळच्या आमच्या सोसायटीत एक गाडी अशी होती, की रविवारी तिच्यातून बटाटे फिरायला जायचे आणि घरची बाई बसने देवळात जायची. गाडी अप्पा निकमांची. वाशीच्या मार्केटात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. सकाळी साडेसातला, माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली, दोन हमाल मागच्या सीटवर पोती बसवायचे, पुढे एक, डिकीत तीन. अप्पा पोत्यांना दोरीने बांधायचे आणि मग इंजिन सुरू करायचे. तो धूर थेट माझ्या घरात. रविवारी घरात लावलेल्या उदबत्तीचा वास मला त्या काळात एकदाही आला नाही.

"अहो अप्पा, हे काय चालवलंय?" मी एकदा खिडकीतून ओरडलो.

"ट्रायल!" ते खालून ओरडले. "रिकामी गाडी कुनीबी पळवतंय."

ट्रायल खंडाळ्याच्या घाटात. वर जायचं, खाली यायचं, पोती गाळ्यावर परत. त्यानंतर सोमवारी ते बटाटे कोण विकत घेत होतं, देव जाणे. आमची ही मात्र वर्षभर वाशीहून बटाटे आणायला तयार नव्हती.

गाडी तरी कसली, तर जुनी, जाडजूड, पांढरी. मूळचं पेट्रोल इंजिन काढून अप्पांनी तिच्यात मोठं डिझेल बसवून घेतलेलं. तेव्हा तशी टूमच होती. पण बाकीचे लोक डिझेल स्वस्त म्हणून बसवायचे, अप्पांनी टॉर्कसाठी बसवलं. हा शब्द त्यांनी कुठून उचलला मला माहीत नाही, पण उचलला तो आमच्या डोक्यावर ठेवला. मी तळोज्याच्या कंपनीतून कर्ज काढून माझी पहिली डिझेल गाडी घेतली, त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी विचारलं, "किती?" मी अभिमानाने हॉर्सपॉवर सांगितली. त्यांनी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला.

"सावंत, हॉर्सपॉवर म्हंजे गाळ्यावर बोंबलनारा दलाल. टॉर्क म्हंजे पोतं उचलनारा माथाडी. घाटात तुमी कुनाला बलवनार?"

सगळ्या बिल्डिंगसमोर. बायको शेजारी उभी. त्या दिवसापासून मी या माणसावर जो चिडलो, तो चिडलेलाच राहिलो. पार्किंगमध्ये, जिन्यात, गणपतीच्या मीटिंगमध्ये, कुठेही गाठून ते एकच विचारायचे, "टॉर्क किती आराप्येमला येतो?" इंजिन किती फिरल्यावर जोर धरतं, एवढाच त्याचा अर्थ. पण विचारायचा सूर असा, की जणू मी कुणाचं घर बुडवलंय.

आणि खरं सांगायचं तर घर त्यांनीच बुडवलं, स्वतःचं. त्यांचा एकुलता एक मुलगा विलास. गाळ्यावर बसला नाही, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला, लग्नानंतर सानपाड्याला राहायला गेला. त्यानेही डिझेलच घेतली. नवी, छोटी, सुबक. पूजेला मुद्दाम वडिलांच्या दारात आणली. नारळ माझ्या हातात होता. मी तो फोडण्याआधी अप्पांनी बॉनेट उघडलं.

"अप्पा, तुमची चाळीस हॉर्सपॉवरची, माझी पन्नासच्या वर जाते," विलास हसत म्हणाला.

"कागदावर. बोंबलल्याबिगर जोर न्हाई हिच्यात. पाच मानसं बसव आन् घाट चढव. बसंल खाली."

"कंपनीने काय वेड्यांनी बनवलीय का?"

"कंपनी पोरं घिऊन घाट चढत न्हाई. ह्या गाडीत मी पाय ठिवनार न्हाई."

"नका ठेवू," विलास म्हणाला. त्याने बॉनेट आपटलं, बायकोला आणि दोन्ही पोरांना गाडीत बसवलं आणि निघून गेला. मी नारळ हातात घेऊन उभा. तो शेवटी आमच्या आमटीत गेला.

त्यानंतर विलास नेरूळला फिरकला नाही. अप्पांची बायको, आमच्या निकमकाकू, तेवढ्या अधूनमधून सानपाड्याला जाऊन नातवंडांना भेटून यायच्या. आणि बटाट्यांच्या ट्रायल सुरू झाल्या त्या त्याच महिन्यात. आपलं म्हणणं खरं करायला म्हातारा घाट झिजवतोय, असं मला वाटायचं. "माज्यापरीस बटाट्याला मान हाय," काकू म्हणायच्या, आणि हसायच्या नाहीत.

चैत्रात त्यांच्या गावची, साताऱ्याकडची जत्रा असते. आदल्या दिवशी सकाळी अप्पांनी माझी बेल वाजवली.

"चला, सावंत. मानूस लागतंय."

"बटाटे संपले का?"

"आज इंजिन मोकळं पायजे. चला."

मी का गेलो, विचारू नका. नाही म्हटलं तर ते जिन्यात टॉर्क सांगत उभे राहिले असते. गाडीच्या मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन, जाड दोरखंड आणि दोन लाकडी ठोकळे. पनवेल गेलं. खोपोली गेली. घाट लागला तेव्हा मला पुढे तीन गाड्या सोडून ती छोटी, सुबक गाडी दिसली. मागच्या काचेत दोन पोरांची डोकी आणि मधे काकूंचा अंबाडा. सगळे जत्रेला निघाले होते.

"अप्पा, विलासची गाडी. घ्या ओव्हरटेक. दाखवा त्याला टॉर्क."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी शिवी दिली होती.

"मग मागं कोन ऱ्हानार?"

अवघड वळणावर एक ट्रक बंद पडला होता, त्यामुळे सगळी रांग चढावरच थांबली. रांग हलली, आणि विलासची गाडी हलायच्या ऐवजी वीतभर मागे घसरली. "ठोकळा घ्या, उतरा," अप्पा म्हणाले. त्यांचा हात दोरखंडावर गेला होता. मी दार उघडलं. ठोकळा चाकामागे लावायचा, दोरी बांधायची, पाच माणसांसकट ती गाडी टोचन करून वर ओढायची. इतके रविवार बटाटे कशाची तालीम करत होते, ते मला एक पाय रस्त्यावर असताना कळलं.

छोट्या गाडीने काळा धूर सोडला, बोंबलली आणि चढली.

"दार लावा," अप्पा म्हणाले.

वर खंडाळ्याला ती गाडी चहाला थांबली. अप्पांनी आपली एका टेम्पोआड उभी केली. काकू पोरांना हाताला धरून उतरवत होत्या. विलास कौतुकाने बॉनेटवर हात फिरवत होता. वीस पावलांवर सख्खा बाप, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"चला, भेटू या. इथवर आलोय ना," मी म्हटलं.

"कशाला? चढली की." त्यांनी गाडी वळवली.

मग मात्र मला आवरलं नाही. घाट उतरताना मी त्यांना तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, कसला हा अडेलतट्टूपणा? दोन शब्द बोलायचे सोडून माणूस इंजिनं बदलतो? नातवंडांऐवजी बटाटे फिरवतो? तिकडे काकू, इकडे तुम्ही, आणि मधे टॉर्क? पोराला एकदा सांगून बघा ना, की मला तुझी काळजी वाटते. मी विलासलाही सोडलं नाही. सानपाडा नेरूळपासून किती लांब आहे, अं? दोन स्टेशनं.

अप्पांनी गाडी सेकंडमध्येच ठेवली होती. खोपोली आली तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"परवा ती परत येनार. उताराला टॉर्कचं काम न्हाई," ते म्हणाले. "पर गाडी भरल्याली आसंल. बिरेक तापत्यात." त्यांनी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली. "परवा मोकळं हाय का तुमी?"

माझा राग अजून उतरला नव्हता. त्या रागातच मी विचारलं, "किती वाजता?"