केंद्रकं कोणी पळवली?

हेरगिरी माझ्या रक्तातच आहे. पगार मात्र मी कॉलेजच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून घेतो, कारण नुसत्या रक्तावर घर चालत नाही. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. फक्त चष्मा सापडायला हवा.

त्या दिवशी अकराला बाहेरचे परीक्षक येणार होते. आमच्या बाई नवीन. नोकरी पक्की होणार की घरी जावं लागणार, हे परीक्षकांच्या शेऱ्यावर होतं. साडेदहाला बाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि किंचाळल्याच, "अहो, केंद्रकं कुठायत?"

मी पाहिलं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी विटांसारख्या लांबट दिसायला हव्यात आणि प्रत्येकीत रंगवलेलं लाल केंद्रक हवं. इथे नुसती जाड काळ्या काठांची गोल वर्तुळं. आत शुकशुकाट.

"चोरी!" मी म्हणालो. "ऐवज नेला, वर भिंतीही वाकवल्या."

"सहाच्या सहा स्लाइडवर?"

"टोळी आहे."

आधी कांद्याची उलटतपासणी केली. रडलो मी, कांदा निर्दोष सुटला. मग संशय आला रंगावर, आणि ओघानेच लॅब झाडणाऱ्या मावशींवर.

"मावशी, बाटलीत पाणी घातलंत ना? कबूल करा."

"जळलं मेलं तुमचं डोकं!" मावशी भडकल्या. "इथे बेसिन तुंबलंय सकाळपासून, ते बघायला कुणाला वेळ नाही." त्यांनी जाळीत बोट घालून काहीतरी ओढलं. "हे गुलाबी काय अडकलंय?"

बाईंनी एक तुकडा चिमट्याने काचेवर पसरला, थेंबभर पाणी टाकलं, वरची काच तिरकी धरून अलगद टेकवली. विटाच विटा! आणि प्रत्येकीत केंद्रक!

"म्हणजे मघाशी आपण हवेचे बुडबुडे बघत होतो. काचेवर पापुद्रा नव्हताच," बाई म्हणाल्या. "जादा रंग ड्रॉपरने, थेंबाथेंबाने धुवायचा असतो. स्लाइड धुतल्या कुणी?"

घरी भांडी माझ्याकडे असतात. सवयीने सहाही काचा मी नळाखाली धरल्या होत्या, तोटी पूर्ण सोडून, आणि न बघताच वरच्या काचा दाबून बसवल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी," म्हणालो. "मावशी, चुकलो."

तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी डोळा लावला आणि खूश होऊन कागदावर 'उत्तम' लिहिलं.

"रंग काय बेताने धुतलाय! इथे धुण्याचं काम कुणाकडे असतं?"

बाईंनी नाइलाजाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"वा! मग मुलांच्या तीस स्लाइडही यांनाच धुवू द्या."

"नको!" बाई आणि मावशी एकदम ओरडल्या, आणि मावशी धावत जाऊन नळाला पाठ लावून उभ्या राहिल्या.