निशाणामागे अडलेल्या यानाची हकीकत

श्रीसूर्यनारायणास नमन करून, तारामंडळी एक राज्य होते तेथील वर्तमान लिहितो, ते ऐसे जे. शके एकोणतीसशे सहा, क्रोधीनाम संवत्सरी, दूर ताऱ्यावरील वसाहतीचे पत्र हुजुरात पावले. पत्र प्रकाशाचे वेगे आले, तरी वाटेत पाच वर्षे लागली. वसाहतीचे मुख्य रखमाजी लिहितात की, येथे पाणी शुद्ध करावयाचे यंत्र एकच, ते हे पत्र पावल्यावर पंधरा वर्षे चालेल, मग बंद. माणसे तीनशे दहा. दुसरे यंत्र पाठविणे. रखमाजींची थोरली बहीण भिवराबाई दरबारची गणिती. ती बोलिली, "आपले यान बारा वर्षांत पोहोचते. आज निघाले तर तीन वर्षे हाती राहतात." आणि महिन्याभरात बाईने यंत्र यानावर चढवून सिद्धता केली. परंतु त्या राज्याचा रिवाज ऐसा की, स्वारीत राजाचे निशाण सर्वांपुढे चालावे, त्याआधी कोणी वेस ओलांडू नये. आणि कथेकऱ्यांनी महाराजांस प्रकाशाहून वेगवान यानांच्या कथा ऐकवून वेड लाविले होते. मग महाराज बोलिले, "आमचे निशाण बारा वर्षे रखडत जाणार? प्रकाशाहून जलद यान करा, निशाण त्यावर चढवा." कारखान्याचे मुख्य त्र्यंबकपंत मान तुकवून बोलिले, "जी महाराज, वर्षाचे आत करितो." या पंतांस लाज म्हणून नव्हती, हे येथेच लिहून ठेवितो.

भिवराबाई उभी राहून बोलिली, "प्रकाशाहून वेगे काही चालत नाही. यानापुढील आकाश आखडावे आणि मागील ताणावे, ही युक्ती कागदावर बसते. परंतु त्यास शून्याहून उणे ऊर्जा लागते, ती वाटीभरही कोणी पाहिली नाही. पंतांनी खुशाल शोधावी. माझे यान तेवढे सोडा." पंत बोलिले, "बाई, तुमचे यान वाटेतच असेल, आणि आमचे जाऊन परतही येईल. मग घाई कशाची?" आणि सर्व दरबार हसला. हसणारे ते सर्व पोटभर पाणी पिऊन बसले होते.

मग एक वर्ष गेले, पंत म्हणाले, ऊर्जा सापडत आली; आणि दुसरे गेले, पंतांस मानाची वस्त्रे दिली; आणि तिसरे सरत आले तेव्हा बाईने महाराजांचे पाय धरिले, "निशाण माझ्या यानावर द्या, म्हणजे रिवाजही राहील." महाराज बोलिले, "हळू यानावर निशाण, ही आमची अप्रतिष्ठा." चौथे वर्षी पंतांनी आपले यान सुरू केले, ते जागचे वीतभर हलले नाही, बूड मात्र जळाले. तेव्हा कोठे निशाण बाईच्या यानावर आले आणि यान निघाले. पोहोचणार सोळावे वर्षी, पाणी सरणार पंधरावे वर्षी. हे दरबारात प्रत्येकास ठाऊक होते, आणि तरी नौबत वाजविली.

शके एकोणतीसशे सव्वीस, रखमाजींचे अखेरचे पत्र आले. "ताई, यंत्र थांबले. तुझे यान वेग कमी करीत येते, त्याचा जाळ दुर्बिणीत दिसतो. पोरे रोज पाहतात. वाट वर्षाची आहे, पाणी नऊ दिवसांचे. तू उशीर केला नसशील, हे मी जाणतो."

पत्र वाचून होताच पंत बोलिले, "हे वर्तमान पाच वर्षांचे जुने. आता काय तजवीज होणार?"

भिवराबाई बोलिली, "पाच वर्षे प्रकाशाने घेतली, त्यास इलाज नाही. चार तुम्ही घेतलीत."

एणेप्रमाणे तीनशे दहा माणसे पाण्यावाचून मारिली. मेली ऐसे लिहावे, म्हणून हुजूरचा हुकूम आला, तो लिहिणाराने मानिला नाही.